इंटरव्ह्यूचे मेल पाठवताना काय काय चुकलं : सोलापूर एमआयडीसीतल्या नोंदी, जून-जुलै २०२४

३ जून, सोमवार

आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एचआर म्हणून वेगळं खातं नाही, हजेरी, पगारपत्रक, पीएफ सगळं मीच बघते, आता भरती पण माझ्याकडे आली. जागा नऊ: चार क्वालिटी चेकर, दोन मर्चंडायझर, एक अकाउंटंट, एक मेंटेनन्स फिटर, एक शिलाई सुपरवायझर. अर्ज आले ६२, मालकांबरोबर बसून त्यातले ३८ इंटरव्ह्यूसाठी निवडले. आजवर आमच्याकडे माणसं ओळखीतून यायची, फोन करून "उद्या या" म्हणलं की झालं. ह्या वेळी मालक म्हणले, सगळ्यांना व्यवस्थित मेल करा, लेखी राहू दे. मी म्हणलं एका दिवसात होईल. दीड महिना गेला. कुठे कुठे गेला ते लिहून ठेवतेय, लहान कारखान्यात एकट्याने हे काम करणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल.

४ जून, मंगळवार

आज लोकसभेचा निकाल. सकाळपासून ऑफिसमध्ये, लूमवर, गेटवर सगळे मोबाईलमध्ये. मेल आज पाठवून उपयोग नाही म्हणून फक्त मजकूर तयार केला. तो इथे जसाच्या तसा देते कारण पुढचा सगळा घोळ ह्याच मजकुराने केला:

"महोदय, आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की आपली मुलाखत येत्या शनिवारी सकाळी १०.३० वाजता आमच्या एमआयडीसीतील कारखान्यात आयोजित केली आहे. तरी सर्व मूळ कागदपत्रांसह वेळेवर उपस्थित राहावे."

लिहिताना मला हे छान वाटलं होतं, एकदम सरकारी पत्रासारखं.

५ जून, बुधवार

पहिले २४ मेल. एकेक पाठवायचा कंटाळा आला म्हणून सगळे पत्ते एकदम "टू" मध्ये टाकले आणि पाठवून दिलं. दहा मिनिटांत एकाचा फोन. "मॅडम, ह्या यादीत आमच्याच मिलमधला एक जण आहे. आता त्याला कळलं मी इंटरव्ह्यूला चाललोय आणि मला कळलं तो चाललाय." आवाज एकदम खाली आणलेला, बहुतेक लूमच्या मागे जाऊन बोलत असेल, मागून खडखडाट येत होता.

माझ्या हातापायातलं बळच गेलं. नोकरी बदलायचीय हे माणूस घरात सुद्धा लवकर सांगत नाही, आणि मी २४ जणांना एकमेकांची नावं वाटून टाकली. परत घेता येत नाही तो मेल. जीमेलमध्ये "अनडू" असतं पण ते मुळात पाच सेकंदाचं असतं, तेवढ्यात कोणाच्या लक्षात येतंय. सेटिंगमध्ये जाऊन ते तीस सेकंद केलं, तीसच्या वर जात नाही.

संध्याकाळी सगळ्यांना एकेकट्याने माफीचा मेल केला. बीसीसी (पत्ते एकमेकांना न दिसता पाठवायची सोय) वापरता आलं असतं, पण बीसीसीत नाव घालता येत नाही आणि बिननावाचा मेल लोक जाहिरात समजतात. तेव्हापासून नियम केला: एका माणसाला एक मेल, त्याच्या नावाने. वेळ जास्त जातो, जाऊ दे.

ज्या दोघांचं एकमेकांना कळलं त्यातला एक इंटरव्ह्यूला आलाच नाही. तो माझ्यामुळे आला नाही असंच मी धरते.

७ जून, शुक्रवार

२४ पैकी उत्तर नऊ जणांचं. मी वाट बघत बसले. मग एकाला फोन केला तर तो म्हणला मेल आला होता, पण "येतो" असं कळवायचं असतं हे माहीत नव्हतं, कुठे लिहिलंय तसं? खरंच कुठे लिहिलं नव्हतं. "उपस्थित राहावे" एवढंच होतं.

दुसरी गोष्ट विषयाची ओळ. मी लिहिलं होतं "मुलाखतीसंदर्भात सूचना". माझ्याच मोबाईलवर स्वतःला एक पाठवून बघितला, नोटिफिकेशनमध्ये कारखान्याचं नाव आणि "मुलाखतीसंदर्भात सू..." एवढंच दिसतं. कुठली मुलाखत, कधी, काही नाही. नोकरी शोधणाऱ्याने चार ठिकाणी अर्ज टाकलेले असतात. आता विषय असा: "शनि. ८ जून, स. १०.३०, मुलाखत, क्वालिटी चेकर". वार आणि तारीख अगदी सुरुवातीला, म्हणजे मेल उघडला नाही तरी तेवढं डोळ्यासमोर राहतं.

८ जून, शनिवार

आज सगळ्यात मोठी चूक कळली आणि ती एका शब्दाची होती.

नऊ जण येणार म्हणले होते, साडेदहाला पाच आले. पावणेअकराला माढ्याच्या मुलाचा फोन. "मॅडम, गेटवर उभारलोय की ओ, वॉचमन म्हणतोय असली कंपनीच इथं नाही." मी वॉचमन मामांना विचारलं, ते म्हणले गेटवर कोणीच नाही. मग विचारलं तू नक्की कुठे आहेस, तर म्हणला चिंचोळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापूरला "एमआयडीसी" म्हणलं की एक जागा होत नाही. अक्कलकोट रोडची एक, पूर्वेकडे. चिंचोळीची दुसरी, पुणे हायवेवर मोहोळच्या बाजूला, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर. आणि होटगी रोडला पण औद्योगिक वसाहत आहे. आम्ही इथे रोज येणारे, आमच्या तोंडात "एमआयडीसी" म्हणजे आमचीच. पण माढ्याहून, मोहोळहून एसटीने येणाऱ्याला सोलापूरच्या आधी चिंचोळी लागते. एमआयडीसीचा बोर्ड दिसला, उतरला. त्याचं काय चुकलं?

तिथून तो वडापने (शेअर जीपने) सोलापूरला आला, स्टँडवरून रिक्षा केली, रिक्षावाल्याने १८० घेतले. आमच्या गेटवर पोचला तेव्हा सव्वाबारा. शर्टाच्या वरच्या खिशात माझ्या मेलची प्रिंट चार घड्या घालून ठेवलेली, घामाने मऊ पडली होती, "एमआयडीसीतील कारखान्यात" ह्या शब्दांखाली पेनाने रेघ मारलेली. म्हणजे त्याने वाचलं होतं नीट, दोनदा वाचलं असेल. मीच अर्धवट लिहिलं होतं.

मालक डिस्पॅचला निघाले होते, त्यांना थांबवलं, इंटरव्ह्यू घ्यायला लावला. रिक्षाचे १८० ऑफिसमधून दिले, मुलगा घेत नव्हता, बळंच दिले. तो एक दिवसाची हजेरी बुडवून आला होता हे नंतर बोलता बोलता कळलं.

आता पत्ता असा लिहिते: "अक्कलकोट रोड एमआयडीसी (चिंचोळी नव्हे)". त्याखाली गूगल मॅपची लिंक. त्याखाली एसटी स्टँडवरून कसं यायचं, रिक्षाला साधारण किती होतात, आणि गेटवर कोणाला विचारायचं. मॅपची लिंक पाठवण्याआधी मी स्वतः मोबाईलवर उघडून बघितली तर पिन मागच्या बाजूच्या रस्त्यावर पडत होती, जिथून आत यायला दारच नाही. ते बदलून घेण्यात दोन दिवस गेले. आपली लिंक आपण एकदा उघडून बघाच.

११ जून, मंगळवार

मेल आलाच नाही म्हणणारे चौघे. चौघांनाही स्पॅम बघायला सांगितलं, चौघांच्याही स्पॅममध्ये.

आमचा मेल आयडी कारखान्याच्या डोमेनचा आहे, कोणीतरी चार वर्षांपूर्वी वेबसाईट करून दिली तेव्हा मिळालेला. नवी पेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणला डोमेनला एसपीएफ लावलेलंच नाही. ते काय असतं ते मी थोडक्यात समजून घेतलं: आपल्या डोमेनच्या नावाने कुठला सर्व्हर मेल पाठवू शकतो ह्याची एक ओळ डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या डोमेनच्या नोंदीत) लिहून ठेवायची असते, ती नसली तर समोरचा म्हणतो हा मेल खरा कशावरून. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे कडक केलंय, जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची एक प्रकारची डिजिटल सही) ह्यातलं एक तरी पाहिजेच. त्याने दोन्ही लावून दिलं, ८०० रुपये घेतले, अर्धा तास लागला. डोमेनचा पासवर्ड शोधण्यात मात्र आमचा अख्खा दिवस गेला कारण तो जुन्या वेबसाईटवाल्याकडे होता आणि त्याचा नंबर बदललेला. पासवर्ड तुमच्याकडे आहे का ते आजच बघून ठेवा, भरती काढल्यावर नको.

१३ जून, गुरुवार

एका मर्चंडायझरने बायोडाटावर सध्याच्या कंपनीचाच मेल आयडी दिला होता आणि मी त्यावर इंटरव्ह्यूचा मेल टाकला. नशिबाने तो त्यानेच उघडला. आता बायोडाटावरचा आयडी आधी बघते. कंपनीचा असला तर मेल नाही, संध्याकाळी सातनंतर फोन करून घरचा आयडी मागते. आणि फोनवर पहिलं वाक्य "आत्ता बोलता येईल का?" हे झाल्याशिवाय कारखान्याचं नाव सुद्धा घ्यायचं नाही.

१४ जून, शुक्रवार

दुसऱ्या तुकडीला सोमवार १७ जून दिला होता. शिलाई सुपरवायझरसाठी अर्ज केलेल्या एका बाईंचं उत्तर आलं, लई नम्रपणे लिहिलेलं, की त्या दिवशी बकरी ईद आहे, सकाळी जमणार नाही, पण तुम्ही म्हणत असाल तर दुपारी येऊन जाईन.

मला वाचून फार वाईट वाटलं. सणाच्या दिवशी घर सोडून येते म्हणतेय ती बाई, नोकरी हातची जाऊ नये म्हणून. तिला हे लिहायला लागायलाच नको होतं. दाते पंचांग आपल्या सोलापूरचं, त्यांचं कॅलेंडर माझ्या टेबलाच्या मागे भिंतीवर टांगलेलं, मान वळवली असती तरी दिसलं असतं. त्या तुकडीतल्या सहाही जणांचा दिवस बदलून बुधवार १९ केला. फक्त त्यांचा एकटीचा बदलला असता तर त्या वेगळ्या पडल्या असत्या.

तारीख बदलायचा मेल कसा लिहायचा हेही तेव्हाच शिकले. आधी मी जुन्या मेललाच उत्तर म्हणून नवी तारीख टाकली, तर विषयात जुनीच तारीख राहिली आणि एकजण गोंधळला. आता बदल असेल तर नवा मेल, विषय "बदल: बुध. १९ जून, स. ११", आणि पहिल्या ओळीत "१७ जूनची मुलाखत रद्द, आता १९ जूनला".

१८ जून, मंगळवार

एक फोन. क्वालिटी चेकरसाठीच्या मुलीचे वडील. "मॅडम, मेल आलाय तुमचा, पैसे किती भरायचे आहेत?" मला कळेचना. मग ते म्हणले मागच्या वर्षी मुलीला असाच मेल आला होता, रजिस्ट्रेशन फी म्हणून दीड हजार भरले, पुढे काहीच नाही. मी त्यांना कारखान्याचा लँडलाईन दिला, म्हणलं त्याच्यावर फोन करून खात्री करा, नाहीतर येऊन बघून जा. ते खरंच बघून गेले, संध्याकाळी गाडीवर, गेटबाहेरूनच.

ह्या एका फोनमुळे मेलमध्ये दोन ओळी वाढल्या आणि माझ्या मते सगळ्या मेलमधल्या त्याच सगळ्यात कामाच्या: "ह्या भरतीसाठी कुठल्याही टप्प्यावर एक रुपयाही घेतला जात नाही. शंका असल्यास लँडलाईनवर फोन करा." खाली लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझं, पूर्ण नाव आणि हुद्दा. आधी मी खाली नुसतं "व्यवस्थापन" लिहायचे. व्यवस्थापनाला कोणी फोन करतं का?

१९ जून, बुधवार

अकाउंटच्या काकांनी मदत म्हणून चार मेलचा मजकूर टाईप करून दिला, मी कॉपी करून जीमेलमध्ये टाकला, स्क्रीनवर चौकोन, आकडे आणि इंग्रजी अक्षरांचा खिचडा. काका श्रीलिपीत टाईप करतात, वीस वर्षांची सवय. त्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, फक्त दिसायला मराठी, फॉन्ट काढला की उघडी पडतात. मेलला युनिकोडच लागतं, ज्यात अक्षरं खरंच मराठी म्हणून साठवलेली असतात. काकांच्या कॉम्प्युटरवर युनिकोडचा मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला, ते म्हणले बोटं ऐकत नाहीत. परत श्रीलिपीत करून कन्व्हर्टरने बदलायचं ठरलं, त्यात जोडाक्षरं कधीकधी फुटतात म्हणून नंतर वाचून काढावं लागतं. दोन तास गेले, पण काकांना मदत करायची होती, त्यांना नको म्हणणं बरं वाटलं नसतं.

भाषेचंच आणखी एक. विजयपूरकडचा एक फिटर, कन्नड आणि इंग्रजी येतं, मराठी बोलतो पण वाचता येत नाही. सोलापुरात घरात तेलुगू, घरात कन्नड असे कितीतरी. आता वर मराठी, खाली तेच इंग्रजीत, पाच-सहा ओळींत.

आणि त्याच इंग्रजी भागात मी दुपारच्या साडेबाराला "एएम" लिहून बसले. फिटरनेच विचारलं, मॅडम रात्री आहे का? मध्यरात्री बोलावतील असं त्याला खरंच वाटलं असणार, कारण शिफ्टचं काम. बारा ते एक मध्ये आता वेळच देत नाही, तशी ती जेवणाची सुट्टी असते. आणि एएम-पीएमच्या ऐवजी सकाळी, दुपारी असंच इंग्रजीत पूर्ण शब्दात लिहिते.

२२ जून, शनिवार

आज अकाउंटंटचे इंटरव्ह्यू. मुद्दाम आजचा दिवस, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, आणि यादीतले दोघे बँकेत कंत्राटी काम करतात. त्यांना रजा काढायला लागली नाही. पाचपैकी पाच आले. भरती सुरू झाल्यापासून सगळे आले असं पहिल्यांदा झालं.

"सर्व मूळ कागदपत्रे" मात्र अजून मेलमध्ये राहिलं होतं. एकजण रेशनकार्डापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला, बाहेर पावसाची भुरभुर, पिशवी छातीशी धरलेली. आम्हाला त्यातलं काय लागणार होतं? बायोडाटा आणि शेवटची पगाराची स्लिप. इंटरव्ह्यूला मूळ कागद मागायचेच कशाला, प्रवासात हरवले म्हणजे? आता लिहिते: "बायोडाटाची एक प्रत आणि गेटवर दाखवायला कुठलंही एक फोटो ओळखपत्र. मूळ कागदपत्रं आणू नका, निवड झाल्यावर मागू."

२६ जून, बुधवार

मर्चंडायझरच्या यादीत एक दुबईचा. मूळचा सोलापूरचाच, पूर्व भागातला, आई-वडील इथे म्हणून परत यायचंय. व्हिडीओवर घ्यायचं ठरलं, मी मेल केला "सकाळी १० वाजता". आम्ही दहाला बसलो, मालक, प्रॉडक्शनचे सर, मी. साडेदहापर्यंत वाट बघितली, मालक चिडून उठून गेले. बरोबर साडेअकराला त्याने लिंक उघडली. तिथे दहा वाजले होते. दुबई आपल्या दीड तास मागे.

मालकांचं मत झालं होतं की माणूस बेशिस्त आहे. मी त्यांना मेल दाखवला, म्हणलं चूक माझी आहे, त्याने लिहिल्याप्रमाणेच केलंय. दुसऱ्या दिवशी परत घेतला. ह्या वेळी नुसता मेल न करता गूगल कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलं, ते ज्याच्या त्याच्या मोबाईलवर त्याच्या त्याच्या वेळेत दिसतं. मेलमध्येही दोन्ही वेळा: "भारतात दु. ३.३०, दुबईत दु. २". त्याची निवड झाली हे सांगायला मला लई आनंद होतोय. माझ्या एका ओळीमुळे ती जागा त्याची गेलीच होती.

१ जुलै, सोमवार

वेळ निवडायला देऊन बघितलं. आठ जणांना त्याच तीन वेळांची यादी पाठवली, "ह्यातली सोयीची कळवा". पाच जणांनी सकाळी ११ निवडली. मग कॅलेंडरचं बुकिंग पेज करून लिंक पाठवली, एकाने घेतलेली वेळ दुसऱ्याला दिसत नाही, काम चोख. पण क्वालिटी चेकरच्या यादीतल्या मुलींनी ती लिंक उघडलीच नाही, अनोळखी लिंकवर बोट लावायचं नाही असं घरातून सांगितलेलं, आणि ते बरोबरच आहे. आता मर्चंडायझर, अकाउंटंटला बुकिंग पेज, बाकीच्यांना मी एकच वेळ देते आणि खाली "ही वेळ जमत नसेल तर जमणारे दोन दिवस कळवा, बदलून देऊ. वेळ बदलून मागितल्याचा निवडीवर काही परिणाम होणार नाही". ही शेवटची ओळ टाकल्यापासून लोक मोकळेपणाने लिहायला लागले. आधी यायचं नसलं की गप्पच बसायचे.

पुण्याहून येणाऱ्यांचं वेगळं. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि संध्याकाळी परत येते, वंदे भारत पण तशीच, सकाळी इथून मुंबईला, रात्री परत. म्हणजे तिकडून इकडे सकाळच्या इंटरव्ह्यूला येणाऱ्याला ह्या दोन्ही उलट्या. त्याला आदल्या रात्री येऊन राहायला लागतं, लॉजचा खर्च. मुंबईहून सिद्धेश्वर रात्री निघून सकाळी पोचते, त्यांना दहाची वेळ चालते. पुण्याच्यांना आता दुपारी अडीच, सकाळच्या गाडीने किंवा एसटीने येता येतं, आणि संध्याकाळी परत जायला हुतात्मा नसली तरी रात्रीची बस आहेच. हे मला पुण्याच्या एका मुलीने समजावून सांगितलं, मी आयुष्यभर हुतात्माने गेले पण फक्त इथून तिकडे.

९ जुलै, मंगळवार

शेवटच्या तुकडीसाठी मालक म्हणले १६ ला घ्या. ह्या वेळी आधी कॅलेंडर. १७ जुलैला आषाढी एकादशी, आणि यंदा मोहरम पण त्याच दिवशी. यादीत पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याचे पाच जण. त्या आठवड्यात एसट्या सगळ्या वारीला, रस्ते वळवलेले, आणि कितीतरी घरांत पाहुणे नाहीतर घरातलंच कोणीतरी दिंडीत. मालकांना म्हणलं २० च्या आधी नको. ते लगेच हो म्हणले, त्यांच्या घरी पण वारकरी उतरतात.

१९ जुलै, शुक्रवार

आदल्या दिवशीचा मेसेज आज सगळ्यांना व्हॉट्सॲपवर टाकला, फक्त तीन गोष्टी: उद्या शनिवार २० जुलै, वेळ, लोकेशन पिन. नुसतं "उद्या" कधीच लिहीत नाही. मागच्या तुकडीत मी रात्री पावणेबाराला "उद्या भेटू" पाठवला होता, एकाने सकाळी उठून वाचला आणि त्याचा उद्या एक दिवस पुढे गेला.

२० जुलै, शनिवार

१४ जणांना मेल, १३ जणांची उत्तरं, आले १२. न आलेल्या दोघांतल्या एकीने कालच कळवलं होतं की दुसरीकडे लागली. पत्ता विचारायला एकही फोन आला नाही. मालक साडेचारला मोकळे.

मेल आता असा आहे, कोणाला लागला तर घ्या:

विषय: शनि. २० जुलै, स. ११, मुलाखत, क्वालिटी चेकर

"नमस्कार (नाव), तुम्ही आमच्याकडे क्वालिटी चेकरसाठी अर्ज केला होता, त्यासाठी भेटायचं आहे.
दिवस: शनिवार, २० जुलै २०२४. वेळ: सकाळी ११. साधारण ४० मिनिटं लागतील, पुढची गाडी त्या हिशोबाने बघा.
ठिकाण: अक्कलकोट रोड एमआयडीसी (चिंचोळी नव्हे). मॅपची लिंक खाली आहे. गेटवर माझं नाव सांगा.
आणायचं: बायोडाटाची एक प्रत, एक फोटो ओळखपत्र. मूळ कागदपत्रं नकोत.
भेटणार: कारखान्याचे मालक आणि प्रॉडक्शनचे सर. टॉवेलचे दोन-तीन नमुने देऊन त्यातले दोष ओळखायला सांगतील.
गुरुवार १८ जुलैपर्यंत ह्या मेलला 'येतो' किंवा 'येते' एवढं उत्तर द्या. ही वेळ जमत नसेल तर जमणारे दोन दिवस कळवा, त्याचा निवडीवर परिणाम होणार नाही.
ह्या भरतीसाठी एक रुपयाही घेतला जात नाही. बाहेरगावच्यांना एसटीचं तिकीट दाखवल्यावर येण्याजाण्याचं भाडं मिळेल."

भाड्याची ओळ मालकांनी माढ्याच्या मुलानंतर मान्य केली. एकूण २,३४० रुपये गेले त्यात. आणि "टॉवेलचे नमुने देतील" ही ओळ टाकल्यावर मुली तयारी करून आल्या, एक तर घरचा टॉवेल घेऊन त्यात सुटलेले लूप कुठे ते स्वतःच दाखवत होती.

२५ जुलै, गुरुवार

नऊच्या नऊ जागा भरल्या. माढ्याचा मुलगा चेकिंगला लागला, १ ऑगस्टपासून.

न घेतलेल्या २९ जणांना आज मेल करून संपवले. जे इंटरव्ह्यूला येऊन गेले त्यांना एकेकाला काय कमी पडलं ते दोन ओळींत, न आलेल्यांना साधा. ह्याला दीड दिवस लागला, मालक म्हणले कशाला एवढं, पण दिवस मोडून, भाडं घालून आलेल्या माणसाला उत्तर मिळालंच पाहिजे. सात जणांनी उलट मेल करून आभार मानले.

पुढची भरती जानेवारीत आहे. कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय: संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वज, अक्षता, त्या आठवड्यात एकही वेळ द्यायची नाही.